कॉटवरच्या चार टिकल्या

आधीच सांगते, मला या मोबाइलच्या भानगडीतलं फारसं काही कळत नाही. फोन आला की उचलायचा, बोलून झालं की ठेवायचा, आणि सकाळी सकाळी गुड मॉर्निंगची फुलं पाठवणाऱ्यांना मनातल्या मनात चार शब्द सुनावायचे, एवढंच माझं ज्ञान. त्यामुळे आमच्या पालेगावच्या दोन खोल्यांत पंखा, ट्यूबलाइट आणि टीव्ही भिंतीवरच्या टिकलीला फोन लावून चालायला लागले, तेव्हा शेजारणी बघायला यायच्या आणि मी गॅसपाशी काहीतरी काम काढून उभी राहायचे. कोणी विचारलं, हे चालतं कसं, तर सांगणार काय, डोंबल?

टिकली हे नाव माझं. मुलगी तिला टॅग म्हणते, एनएफसी टॅग. दहाच्या नाण्याएवढी पांढरी प्लास्टिकची चकती, मागे चिकटपट्टी. आत म्हणे तारेचं बारीक वेटोळं आणि एक चिप असते. सेल नाही, वायर नाही. फोन अगदी जवळ नेला की फोन तिला ओळखतो आणि तिच्यासाठी जे काम ठरवून दिलंय ते करतो. मुलगी बंगलोरला कंपनीत आहे, ती हे सगळं घेऊन आली होती. बापासाठी.

बाप म्हणजे माझे मिस्टर, वायरमन. अंबरनाथ पूर्वेच्या निम्म्या बिल्डिंगींचं वायरिंग माझ्या हातचं, असं सांगायचे. त्यातलं थोडं तुम्ही वजा करून घ्या. पण उल्हासनगरच्या मार्केटात ह्यांच्याबरोबर गेले की सिंधी दुकानदार ‘मिस्त्री आया, मिस्त्री आया’ करत स्टूल पुढे करायचे, ते मी डोळ्यांनी बघितलंय. वायरिंगची पट्टी सरळ रेषेत बसली नाही तर सगळी उखडून पुन्हा मारणारा माणूस. तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास सकाळी दाढी करता करता त्यांची उजवी बाजू गेली. मला हाक मारायला तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही.

पाय थोडा परत आला. काठी आणि माझा खांदा धरून मोरीपर्यंत जातात. उजवा हात आला नाही. बोलणंही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं समजतं त्यांना, फक्त शब्द सापडत नाहीत, वाचायलाही अक्षरं जुळत नाहीत. मग राहिलं काय? ‘हो’ राहिलं, आणि ते सगळ्यालाच. पाणी हवं का? हो. नको का? हो. ‘च्यायला’ राहिलं, तेही अगदी खणखणीत. आणि राहिली वंदना. मी सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली की माझ्याबरोबर सुरू करतात आणि शेवटपर्यंत एक अक्षर चुकत नाहीत. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी मध्येच थांबून रडायला लागले. वाटलं, आले हो परत. वंदना झाल्यावर म्हटलं, ‘आता माझं नाव घ्या बघू.’ माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हो.’

रजा किती दिवस पुरणार? मी एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, आमचं घर आता त्याच्यावरच चालतं. रजा संपली तशी सकाळी त्यांचं सगळं आवरून, डबा उशाशी ठेवून मी जायला लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं तर हे जमिनीवर. लाइट लावायला उठले होते, बटणापर्यंत पोचायच्या आधीच पडले. कधी पडले, किती वेळ तसेच होते, कोण सांगणार? कपाळाला टेंगूळ. मला बघून ‘च्यायला’ म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी.

तेव्हाच माझे दीर आले. ते चामटोलीला असतात, घरची शेती, जाऊबाई, सुना, दिवसभर घरात माणसं. माणूस सोन्यासारखा आहे, उगाच का नाव ठेवू? म्हणाले, ‘वहिनी, दादाला आमच्याकडं राहू द्या. तुम्ही रविवारी येत जा.’ बरोबरच होतं त्यांचं. पण मला झोंबलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या घोरण्यावरून भांडले, त्याला रविवारी भेटायला जायचं, पाहुण्यासारखं? दिरांना म्हटलं, महिनाभर बघते, नाही जमलं तर न्या. आणि रात्री मुलीला फोन करून नुसती रडले.

पुढच्या शनिवारी मुलगी हजर. तिने भिंतीतल्या बटणांच्या मागे कसलेसे छोटे डबे बसवले, म्हणजे बटणही चालणार आणि फोनवरूनही. बाप कॉटवर बसून बघत होता. ही कॉट दवाखान्यात असते तसली लोखंडी, दोन्ही बाजूंना पाइप लावलेली, आम्ही जुनीच आणली होती. पोरीने एक वायर जरा ढिली लावली तर लगेच ‘च्यायला!’ आणि डावं बोट त्या स्क्रूकडे. पोरगी हसत म्हणाली, ‘पप्पा, इंजिनिअर मी आहे.’ तरी स्क्रू पुन्हा आवळला. मला किती बरं वाटलं सांगू, घरात काम चाललंय आणि मिस्त्री खेकसतायत.

मग कॉटच्या डाव्या अंगाला, भिंतीवर हाताच्या उंचीला, तिने चार टिकल्या एकाखाली एक चिकटवल्या. वरची पंखा, दुसरी लाइट, तिसरी टीव्ही, चौथी मी. चौथीला फोन लावला की मला कॉल. फोन ह्यांच्या गळ्यात रिबीनला, लॉक काढून टाकलेलं. बाजूचं बटण दाबून स्क्रीन लावायची, मग फोन टिकलीवर टेकवायचा. वाचायला नको, बोलायला नको. सगळीकडे जाहिरातीत माणसं त्या डबीशी बोलून लाइट लावतात ना, ते आमच्या काय कामाचं! हे दोन दिवसांत तरबेज झाले. मी मुद्दाम पंखा बंद करायचे, हे लावायचे. पुन्हा मी बंद, पुन्हा ह्यांनी चालू. लहान मुलांसारखं चाललं होतं आमचं.

जाताना मुलीने मला दहा सूचना दिल्या. लाइट गेली आणि परत आली तर पंखा बंदच राहतो, तो टिकलीने लावावा लागतो, ते सेटिंग मी पुढच्या खेपेला बदलून देते. फोन रोज चार्ज कर. टॅगचं असं, टॅगचं तसं. मी ‘हो गं, कळलं, हो’ करत तिच्या पिशवीत लोणचं भरत होते. त्यातलं निम्मं डोक्यात शिरलं नाही, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

दोन महिने फार छान गेले. दुपारी जेवण झालं की ह्यांचा फोन यायचाच. सुपरवायझर बाईंना मी सांगून ठेवलं होतं, त्या फोन जवळ ठेवू द्यायच्या. मी उचलून म्हणायचे, ‘जेवलात का? भाजी खारट झालीय का?’ तिकडून श्वास आणि ‘हो’. खारट होती का नव्हती, देव जाणे. पण पलीकडून पंख्याचा आवाज यायचा, टीव्हीवर कोणीतरी भांडत असायचं, आणि मी पुन्हा गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायला लागायचे.

मग एप्रिल आला. जयंतीच्या आधी आमच्याकडे घराला रंग काढायचा म्हणजे काढायचा, कितीही अडचण असो. सगळ्या वस्तीत असंच. ह्या वर्षी ह्यांचं असं झालंय म्हणून मी रंग चुकवला असता तर मलाच घर खायला उठलं असतं. रंगाऱ्याला दोन दिवसांसाठी बोलावलं आणि भिंतीवरच्या चार टिकल्या नखाने अलगद काढल्या. रंग ओला, त्यावर परत लावता येईनात. शिवाय मला वाटलं, ह्यांना भिंतीपर्यंत हात लांब करावा लागतो, खांदा दुखत असेल. त्यापेक्षा अगदी हाताशी, कॉटच्या पाइपलाच लावल्या तर? आपण बायका कपाळाची टिकली कुठे लावतो? आरशाला, कपाटाच्या दाराला, नळाच्या वरच्या टाइलला, हात पोचेल तिथे. तशाच ह्या पण लावल्या मी, चार, ओळीने, डाव्या पाइपच्या चपट्या पट्टीवर. चिकटल्याही घट्ट. मला माझंच कौतुक वाटलं.

फोन लावून बघितला का? नाही बघितला. घाई होती, रंगारी पैसे मागत होता, जयंतीची खीर करायची होती. नाही बघितला.

पुढचे दोन दिवस दुपारचा फोन आला नाही. मी मनात म्हटलं, बरं चाललेलं दिसतंय, झोपले असतील. तिसऱ्या दिवशी घरी आले तर पंखा बंद. हे घामाने निथळत होते, बनियन अंगाला चिकटलेली, पाण्याची बाटली रिकामी. शेजारीण म्हणाली, अकरा वाजता लाइट गेली होती, अर्ध्या तासाने आली. म्हणजे अकरापासून संध्याकाळपर्यंत ह्या उन्हात पंख्याशिवाय! आणि गंमत बघा, आमचं जुनं साधं बटण असतं तर लाइट आल्यावर पंखा आपोआप फिरला असता.

मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते, हा माझा स्वभाव. ‘अहो, टिकली कशाला दिलीय पोरीने? लावायचा ना पंखा!’ त्यांनी फोन उचलून पाइपवरच्या टिकलीला लावला. स्क्रीन काळीच. ‘आधी स्क्रीन लावायची, विसरलात ना?’ मी उठून भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा सुरू झाला. तर हे डाव्या मुठीने कॉटच्या पाइपवर ठोकायला लागले. ठण, ठण, ठण. माझ्याकडे बघत, मग पाइपकडे बघत. ‘च्यायला’ म्हणाले, पुन्हा ठण ठण.

मला वाटलं, राग. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी उजेड करत फिरलेला माणूस, आता पंखा लावायचं विसरतो, त्याचा राग. म्हणून मी जवळ बसून पाठीवरून हात फिरवला. त्यांनी हात झटकला आणि पुन्हा पाइप वाजवला.

असं आठवडाभर चाललं. रोज लाइट जायची असं नाही, पण फोन एकही आला नाही, टीव्ही लागला नाही, संध्याकाळी मी यायच्या वेळी घरात अंधार. आणि मी आले की ठण ठण सुरू. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले, त्यात हे. एकदा माझा तोल गेला. म्हटलं, ‘पुरे करा हो! डोकं उठवलंत. काय मिळतं हे वाजवून?’ आणि कपाटातून टर्किश टॉवेल काढला, चार घड्या केल्या आणि पाइपला गुंडाळून नाडीने बांधला. चारही टिकल्या त्याच्याखाली गेल्या. म्हटलं, आता वाजवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. मग मान फिरवून भिंतीकडे तोंड करून झोपले.

मुलीला फोनवर काय सांगितलं? ‘टिकल्या ठीक आहेत गं, तुझे पप्पाच वापरत नाहीत. त्यांचं मन उडालंय.’ टिकल्यांची जागा बदलली, हे सांगायचं डोक्यातही आलं नाही. ती म्हणाली, ‘आई, मग काकांकडे...’ तिनेही वाक्य पुरं केलं नाही, मीही विचारलं नाही. दिरांना फोन लावला. म्हटलं, रविवारी या, घेऊन जा. ‘वहिनी, तुम्ही हरलात असं समजू नका,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘नाही हो, कसलं काय,’ आणि फोन ठेवून मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

शुक्रवारी रात्री मी त्यांची बॅग भरली. सहा शर्ट, लुंग्या, औषधं. जाऊबाईंसाठी एक चिठ्ठी लिहिली, म्हणजे त्यांना दादांच्या सवयी कळाव्यात. चहात साखर अर्धा चमचा. उजव्या कुशीवर झोपवू नये. सकाळी वंदना सुरू करून द्यावी, पुढची ते म्हणतात. असं पानभर. हे कॉटवरून सगळं बघत होते. मी त्यांना सांगितलं होतं की चामटोलीला जायचंय, तिथे बरं वाटेल. विचारलंही होतं, ‘जाल ना?’ ‘हो’ म्हणाले. त्या ‘हो’चा काही भरवसा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण त्या दिवशी मी तो खरा धरला, कारण मला तो सोयीचा होता.

शनिवारी चारच्या सुमारास कंपनीत माझा फोन वाजला. स्क्रीनवर ह्यांचा नंबर.

माझ्या हातातलं खोकं खाली पडलं. उचलला. ‘हॅलो? अहो? काय झालं?’ तिकडून नुसता श्वास, भराभरा. मागे टीव्ही बोंबलतोय. ‘कोण आहे तिथे? पडलात का?’ ‘हो! हो! हो!’ सुपरवायझर बाईंनी माझं तोंड बघूनच जा म्हणून हात केला. रिक्षावाल्याला म्हटलं, भाऊ, उडव. पूर्ण रस्ताभर मी फोन कानाला लावून बसले होते. श्वास चालू होता, तेवढंच बरं.

दार उघडलं. पंखा पाचवर. भर दुपारी ट्यूबलाइट लागलेली. टीव्हीवर कुठली तरी मालिका फुल आवाजात. आणि हे कॉटवर मधोमध बसलेले, केस विस्कटलेले, घामाघूम, चेहरा असा फुललेला की गणपतीनंतर मी तो बघितलाच नव्हता. पाइपवरच्या टॉवेलची नाडी दातांनी सोडलेली. चारही टिकल्या नखाने उचकटून काढलेल्या, बोटाच्या टोकाला रक्त. टॉवेलची घडी पाइपवर तशीच, आणि त्या घडीच्या वर चार टिकल्या ओळीने मांडलेल्या.

मी काय म्हणावं? ‘अहो, काढल्यात कशाला?’ एवढंच सुचलं मला. अजून मूर्खच.

त्यांनी माझं मनगट धरलं. खाली बसवलं. शिकाऊ पोराला बसवायचे तसं. एक टिकली उचलून उघड्या पाइपवर ठेवली, स्क्रीन लावली, फोन टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. काही नाही. मग मूठ आवळून पाइपवर ठोकलं, ठण, आणि माझ्याकडे बघितलं. मग तीच टिकली उचलून टॉवेलच्या जाड घडीवर ठेवली, फोन टेकवला. पंखा बंद. पुन्हा टेकवला. पंखा चालू. मग पुन्हा पाइपवर ठण.

लोखंड. लोखंडावर ती टिकली चालत नाही. हे दहा दिवस मला तेच सांगत होते. ह्यांना ते पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच कळलं असणार, तो त्यांचा धंदा आहे. तोंडात शब्द नाही म्हणून लोखंडच वाजवून दाखवत होते, हे बघ, हे, हे. आणि मी त्यांच्या तोंडावर टॉवेल बांधला.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. ‘मला माफ करा, माफ करा हो,’ एवढंच म्हणत होते. टीव्हीवर कोणाचं तरी लग्न लागत होतं. त्यांनी डाव्या हाताने माझे केस मागे सारले, आणि मग मला ढोसून कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट केलं, त्यांच्या हत्यारांच्या पिशवीकडे. रडणं वगैरे ठीक आहे, आधी काम.

पिशवीतून त्यांनी लाकडी गिट्ट्या काढायला लावल्या. पूर्वी भिंतीत स्क्रू बसवायला भोकात ठोकायच्या त्या, लाकडाचे जाड तुकडे. त्यातल्या चार सारख्या निवडल्या, मला कानशीने घासायला लावल्या, पाइपच्या पट्टीवर चिकटवायला लावल्या आणि गिट्टीवर टिकली. एक माझ्याकडून तिरकी बसली. ‘च्यायला!’ काढली, सरळ बसवली. मुलीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, तर ती किंचाळली, ‘आई! मी तुला सांगितलं होतं ना, मेटलला लावू नकोस म्हणून!’ सांगितलं असेल बाई. मी लोणचं भरत होते.

रविवारी सकाळी दीर आले, पुतण्याची गाडी घेऊन. दिरांना बघून ह्यांनी एकेक करून पंखा, लाइट, टीव्ही लावून दाखवलं, चौथीने माझा फोन वाजवला. दीर बघत राहिले, शाबास दादा म्हणाले. मी सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, ‘तर आता काही न्यायला नको.’ ते हळूच म्हणाले, ‘वहिनी, राग मानू नका. पण पंखा लागला म्हणजे माणूस सांभाळला गेला असं होतं का? पुन्हा पडला तर? दिवसभर एकटा. तुम्ही मनाला लावून घेतलंय म्हणून नका ठेवू त्याला. त्याचं काय ते बघा.’

खरंच, मी चुकले म्हणून त्यांनी एकटं पडून राहायचं, हा कुठला न्याय? तिथे माणसं होती, अंगण होतं, नातवंडं होती. बॅग भरलेली कॉटच्या पायथ्याशी होतीच.

दिरांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘दादा, चलतोस ना आमच्याकडं?’

‘हो,’ हे म्हणाले.

दीर माझ्याकडे बघायला लागले. मी खाली त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, ‘अहो, तुमचा हो मला कळत नाही. आजवर मी माझ्या सोयीने घेत आले. आता तुम्हाला काय पाहिजे ते तुमच्या पद्धतीने सांगा. कितीही वेळ लागू दे. मी बसलेय.’

त्यांनी वाकून, धापा टाकत, डाव्या हाताने बॅग ओढली. मला मदत करू दिली नाही. चेन अडकली, ती दातात धरून उघडली. वरचा शर्ट काढला, माझ्याकडे धरला. मी घेतला. दुसरा काढला, धरला. तोही मी घेतला. दुसऱ्या शर्टाबरोबर जाऊबाईंसाठी लिहिलेली चिठ्ठी बाहेर आली आणि दिरांच्या पायाशी पडली.

त्यांनी उचलली. घडी उघडून मोठ्याने वाचायला लागले, बिचारे सहज, काय औषधं-बिवषधं लिहिलीत म्हणून. ‘साखर अर्धा चमचा. उजव्या कुशीवर नको. सकाळी वंदना...’ मी म्हटलं, ‘भावजी, राहू द्या ते.’ पण त्यांचं वाचन पुढे गेलं होतं. ‘मधूनमधून काहीतरी वाजवत राहतात. त्याला अर्थ नसतो. लक्ष देऊ नये.’

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना सगळं समजतं, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी ह्यांच्याकडे बघून म्हटलं, ‘अर्थ होता. मला कळला नाही, म्हणून मी नाही असं लिहिलं.’

ते माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते, काही आलं नाही. मग खाली वाकून त्यांनी तिसरा शर्ट काढला आणि माझ्यापुढे धरला. बॅगेत अजून तीन होते. दीर उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘वहिनी, कपाट उघडा, मी पण लावू लागतो.’